साडी तिची, मजुरी माझी

परवा संध्याकाळची गोष्ट. चार साड्यांना फॉल लावायचा राहिला होता आणि गल्लीतल्या एक वहिनी पाचवी घेऊन दारात. "उद्या लग्नाला जायचंय वो, एवढी एक करून द्या की. घरचंच हाय." मी नेहमीसारखी हसले आणि साडी ठेवून घेतली. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

आत आले तर आमचे चिरंजीव कॉम्प्युटरपुढे तोंड पाडून बसलेले. अकरावीला आहे. "काय झालं रे?" म्हटलं, तर म्हणतो, "आई, माझी बस चोरली."

मला क्षणभर काही कळेना. याच्याकडं बस कुठली? मग त्यानं सगळं समजावून सांगितलं.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी मुलं मोबाइलवर बस चालवायचा गेम खेळत असतील. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' नावाचा गेम २०१७ साली आला. इंडोनेशियातल्या कंपनीनं तो बनवला, त्यामुळे रस्ते तिकडचे आणि गाड्याही तिकडच्या. पण त्यात एक सोय आहे. आपण तयार केलेली गाडी त्या गेममध्ये घालता येते. मूळ गेममध्ये खेळणाऱ्यानं स्वतः केलेल्या अशा बदलाला किंवा भर घालण्याला 'मॉड' म्हणतात. म्हणून तर आपली पोरं त्या परक्या रस्त्यावर लाल एसटी पळवतात!

आमच्या चिरंजीवानं अशीच एक एसटी केली होती. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन चारी बाजूंनी फोटो काढले, खिडक्या मोजल्या, पत्र्यावरचे रिबिटसुद्धा सोडले नाहीत. दीड महिना रात्री जागून काढला. मी ओरडायची, "अभ्यासाला असा जागत नाहीस!" बस तयार झाली आणि त्यानं ती सगळ्यांना फुकट वाटून टाकली. आता परगावच्या कुणा पोरानं तीच बस स्वतःच्या नावावर पन्नास रुपयांना विकायला काढली होती.

"मग तूच घ्यायचे की पैसे!" मी म्हटलं.

"आई, तुला कळत न्हाई त्यातलं. मॉडला पैसे मागितले की लोक शिव्या घालतात. म्हणतात, गेम तुझा न्हाई, मग पैसे कसले?"

रात्री जेवताना हा विषय यांच्या कानावर गेला. यांचं एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक व्हीएमसी. शिरोलीकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. इथं फौंड्रीत लोखंड ओतून कास्टिंग तयार होतं. ते मशिनिंगसाठी आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपमध्ये येतं आणि काम झालं की चलनासोबत परत जातं. लोखंड पार्टीचं, ड्रॉइंगही पार्टीचं. वर्कशॉपवाला लावतो ती फक्त मजुरी. याला जॉबवर्क म्हणतात.

हे म्हणाले, "कास्टिंग तुमचं न्हाई, मग मजुरी कसली, असं आजवर मला कुणी विचारलेलं न्हाई."

मला पटलं. पण पोरगा हुशार. म्हणाला, "पप्पा, तुम्हाला पार्टी स्वतः काम देते. मला गेमवाल्यानं कुठं दिलंय?" यावर हे गप्प झाले आणि भाकरीचा तुकडा मोडत बसले.

हा वाद काही आमच्याच घरातला नाही. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेत यावरून मोठं रामायण झालं होतं. 'स्कायरिम' नावाच्या गेमचे मॉड लोक वर्षानुवर्षं हौसेनं करत होते आणि फुकट वाटत होते. गेमची कंपनी बेथेस्डा आणि तो विकणारी कंपनी व्हॉल्व्ह या दोघींनी ठरवलं, की यापुढं मॉड विकायला परवानगी. ऐकायला किती छान! पण शंभर रुपयांची विक्री झाली, तर करणाऱ्याच्या हातात पंचवीस. उरलेले पंचाहत्तर दोन्ही कंपन्यांना.

खेळणारे चिडले. लाखाहून जास्त लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. २३ एप्रिलला सुरू झालेली योजना २७ एप्रिलला गुंडाळावी लागली आणि लोकांचे पैसे परत करावे लागले.

लोकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मॉड करणारे एकमेकांच्या कामावर काम करतात. एकानं केलेल्या हालचाली दुसरा वापरतो, कारण सगळं फुकटच असतं. पण एकानं पैसे लावले, की बाकीच्यांचा वाटा कुणी द्यायचा? मासेमारीचा एक मॉड याच भांडणात विक्रीतून काढून घ्यावा लागला. शेजारणीच्या परड्यातली फुलं मागून आणायची आणि गजरे करून विकायचे, तर तिला विचारायला नको?

दुसरी गोष्ट जबाबदारीची. मूळ गेम कंपनीनं बदलला की जुना मॉड बिघडतो. फुकट घेतला असेल तर माणूस गप्प बसतो. पैसे मोजले असतील, तर दुरुस्ती मागणारच. आमच्या शेडमध्येही जॉब मापात बसला नाही तर रिजेक्ट होऊन परत येतोच की. मजुरी घेतली की मापाला बांधील राहावंच लागतं.

पण याच हौशी कामातून मोठं घडल्याचंही उदाहरण आहे. 'काउंटर-स्ट्राइक' हा गेम १९९९ मध्ये दोन तरुणांनी दुसऱ्या एका गेमचा मॉड म्हणून केला होता. तो इतका गाजला, की त्या मूळ गेमच्या कंपनीनं, म्हणजे व्हॉल्व्हनंच, तो विकत घेतला आणि २००० पासून दुकानात विकायला ठेवला. पुढं २०१७ मध्ये बेथेस्डानंही मॉड करणाऱ्यांना स्वतः काम देऊन पैसे द्यायची योजना आणली. जॉबवर्कच की हे!

याउलट 'माइनक्राफ्ट' गेमचा नियम आहे, की मॉड करा, वाटा, पण विकू नका. आपल्याकडंही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं मूळ कामात बदल करून नवं काम करायचा हक्क मूळ मालकालाच दिलाय. म्हणजे आधी मालकाची परवानगी बघायची आणि मगच दर लावायचा.

हे सगळं मी पोराला समजावत होते. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आई, मला पन्नास रुपयांचं वाईट वाटलं न्हाई. त्यानं माझं नाव पुसलं, त्याचं वाटलं."

मला आपली कोल्हापुरी चप्पल आठवली. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं अगदी तशाच चपला शोमध्ये मिरवल्या आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. इथं ओरड झाली, तेव्हा कुठं कंपनीनं भारतीय कारागिरीचा उल्लेख केला. चप्पल करणाऱ्यांनाही आधी लागलं होतं ते नाव न घेतल्याचंच.

"मग पुढच्या वेळी गप्प बसू नको," मी म्हटलं. "नाव घाला, विकू नका, असं पहिल्यांदाच लिहून टाक. फुकट द्यायचं असेल तर दे, पण ते तू ठरवायचं, घेणाऱ्यानं नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग खुर्चीवर ठेवलेल्या त्या पाचव्या साडीकडं बघितलं. "आई, तू तरी कुठं मागतेस?"

काय उत्तर देणार? साडी दुकानातून घेताना कुणी दुकानदाराला 'घरचंच हाय' म्हणत नाही. फॉलचं कापड आणि दोरा मी विकत आणते, मशीनचं तेल आणि लाइटचं बिलही माझंच. तरी किती वर्षं मी ओळखीच्यांकडून मजुरी घेतलेली नाही. मन मोठं म्हणून नव्हे, तोंडातून शब्द निघत नाही म्हणून. जाऊबाईंना किंवा मैत्रिणीला प्रेमानं एखादी साडी करून देणं वेगळं. त्यात आनंद असतो. पण मनात कुढत फुकट करायचं आणि वरून हसायचं, याला प्रेम कसं म्हणायचं?

चिरंजीवानं दुसऱ्या दिवशी एसटी पुन्हा टाकली. एसटीचं बोधचिन्ह महामंडळाचं, म्हणून ती फुकटच ठेवायची असं त्यानं ठरवलं. पण या वेळी नाव आणि अट ठळक लिहिली. कुणी 'माझ्या आवडीची गाडी करून दे' म्हणालं, तर आधी गेमचे नियम वाचणार आणि ते परवानगी देत असतील तरच मजुरी सांगणार.

आणि मी? पुठ्ठ्यावर स्केचपेननं दर लिहिले आणि मशीनच्या वर भिंतीला लावले. फॉल-पिको, शंभर रुपये. सकाळी वहिनी साडी न्यायला आल्या. पुठ्ठा वाचला. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी कमरेची पर्स काढली आणि म्हणाल्या, "आधीच सांगायचं की वो. आम्हाला तरी कसं कळणार?"

खरंच, त्यांना कसं कळणार होतं?