आफ्रिकेच्या खेड्यात राहिलेला कुवेती डॉक्टर

डॉ. अब्दुर्रहमान अस-सुमैत हे नाव आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही. अरब देशांत मात्र ते शाळकरी मुलांनाही माहीत असते. १९४७ साली कुवेतमध्ये जन्मलेला हा माणूस पोटाच्या विकारांचा तज्ज्ञ होता. बगदादची वैद्यकीय पदवी, लिव्हरपूलचा उष्ण प्रदेशांतील रोगांचा डिप्लोमा, कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात पुढचे शिक्षण, लंडनमध्ये संशोधन अशी सगळी जमवाजमव करून ते कुवेतला परतले, तेव्हा तेलाच्या पैशाने त्या देशात सुबत्ता आली होती. स्वतःचा दवाखाना काढला असता तर सात पिढ्यांची सोय झाली असती. त्यांनी जवळजवळ तीन दशके आफ्रिकेच्या खेड्यांना दिली.

खिदमतीची सवय जुनीच होती. शाळेत असताना कडक उन्हात वाहनाची वाट बघत उभे राहिलेले मजूर त्यांना रोज दिसत. सोबत्यांबरोबर पैसे जमवून त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि त्या मजुरांना फुकट पोहोचवू लागले. कॅनडात शिकत असताना मुस्लिम विद्यार्थ्यांकडून महिन्याला एकेक डॉलर गोळा करून आफ्रिकेतल्या मुसलमानांसाठी पुस्तिका छापून पाठवल्या. एक डॉलर ही रक्कम आम्हाला फार बोलकी वाटते. दर महिन्याला नियमाने देता येईल एवढीच ती आहे.

मग कुवेतमधल्या एका दानशूर बाईंना मशीद बांधायची होती. मशिदी कुवेतमध्ये भरपूर होत्या, म्हणून ती गरजेच्या ठिकाणी बांधू असे ठरले. जागा मिळाली पूर्व आफ्रिकेतील मलावी देशात. तिथे जाऊन पाहिल्यावर डॉक्टरांना कळले की मशीद हे फार पुढचे काम आहे. १९८१ मध्ये त्यांनी आफ्रिका मुस्लिम एजन्सी ही संस्था उभी केली. तीच पुढे डायरेक्ट एड या नावाने ओळखली जाऊ लागली.

मलावी हा लांबट सरोवराकाठचा छोटा देश. सरोवराच्या दक्षिणेकडील मांगोची भागात याओ जमातीचे मुसलमान मोठ्या संख्येने राहतात. ब्रिटिश अमलात तिथल्या बहुतेक शाळा ख्रिस्ती मिशनच्या होत्या. शाळेत घातले तर मुलाचा धर्म जाईल, या भीतीने आईबापांनी मुले घरी ठेवली आणि दोन-तीन पिढ्या शिक्षणात मागे पडल्या. मुलींच्या बाबतीत तर विचारायलाच नको. ही गोष्ट वाचून आपल्यापैकी अनेकांना आपल्याच आजी-पणजीची आठवण होईल. अस-सुमैत यांनी तिथे भाषणे न देता शाळा काढल्या, शिक्षक तयार केले, अनाथ मुलांची फी भरली. दवाखाने, विहिरी, नेत्रशिबिरे हे सगळे त्याच्या जोडीने आले.

परदेशातून आलेल्या माणसाची खरी परीक्षा मात्र साध्या गोष्टींत होते. मलावीच्या खेड्यात कामाचे बोलणे थेट सुरू करत नाहीत. आधी थांबून 'मुली ब्वांजी?' असे विचारायचे. चिचेवा भाषेत त्याचा अर्थ 'तुम्ही कसे आहात?' (आपल्या कानाला कुणी घरातल्या मुलींची चौकशी करतेय असे वाटेल.) समोरच्याने उत्तर द्यायचे, उलट विचारायचे, मग बोलणे. घाईतल्या पाहुण्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण सलाम न करता मुद्द्यावर येणारा माणूस आपल्या मोहल्ल्यात तरी कुणाला आवडतो?

जेवण म्हणजे न्सिमा. मक्याचे पीठ पाण्यात घट्ट शिजवून केलेला गोळा, हाताने तोडून पाल्याच्या भाजीबरोबर किंवा सरोवरातल्या लहान मासळीबरोबर खायचा. पीक एप्रिलच्या सुमारास हाती येते आणि त्याआधीचे जानेवारी-फेब्रुवारी हे भुकेचे महिने. कणग्या रिकाम्या, पाऊस चालू, मलेरिया जोरात. या दिवसांत पाहुण्यापुढे ताट ठेवणारे घर स्वतः काय खाते, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. दोन दिवसांच्या दौऱ्यावर आलेला माणूस ताट रिकामे करतो आणि समाधानाने निघून जातो.

अस-सुमैत राहत असत, आणि एकटे राहत नसत. पत्नी उम्म सुहैब त्यांच्याबरोबर हिंडल्या, मुलांच्या सुट्ट्या आफ्रिकेत गेल्या. पुढे तर दोघांनी मादागास्कर बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, मानाकारा गावी घर केले. डॉक्टरांना तोवर मधुमेह आणि रक्तदाब जडले होते. वीज नसलेल्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात साधे जेवण जेवताना उम्म सुहैब यांनी नवऱ्याला विचारले होते की, जन्नतमध्ये तरी आपण याहून सुखी असू का? ही हकीकत अरबीत पुष्कळ सांगितली जाते. चांगल्या माणसांच्या चरित्रांत पत्नी बहुधा एका ओळीत उरकली जाते, म्हणून ती इथे मुद्दाम सांगितली. घरची बाई राजी नसती तर डॉक्टर वर्षातून एकदा शिबिर घेऊन परतले असते.

मानाकाराच्या परिसरात अंतेमोरो नावाचे लोक राहतात. आपले पूर्वज अरबस्तानातून आले असे ते मानतात. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या 'सोराबे' नावाच्या हस्तलिखित पोथ्या आहेत. झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावर त्या लिहिल्या जात. भाषा त्यांची स्वतःची मालागासी आणि लिपी अरबी. अक्षरे टिकली, पण नमाज-रोजा काळाच्या ओघात मागे पडला. अशा लोकांत जाऊन 'तुमचे सगळे चुकले' म्हणणे सोपे होते. त्यांच्या वडीलधाऱ्यांशी बसून, त्यांचे विधिनिषेध पाळून, वर्षानुवर्षे शेजारी म्हणून राहणे कठीण होते. अस-सुमैत यांच्यामुळे किती लोक मुसलमान झाले याचे मोठमोठे आकडे फिरत असतात. आम्हाला त्या आकड्यांत गोडी नाही. मनांचा हिशेब अल्लाहकडे आहे. शाळेत बसलेले मूल आणि पाणी देणारी विहीर आपल्याला मोजता येते.

१९९६ साली त्यांना इस्लामच्या सेवेसाठी किंग फैसल पुरस्कार मिळाला. ती रक्कम त्यांनी आफ्रिकेतल्या मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकली. १५ ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

आता जरा आपल्याकडे वळू या. अस-सुमैत यांच्यासारखे जाऊन राहणे शंभरात एकालाही जमणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे नाते पैसे पाठवण्यापुरते आहे. रमजान जवळ आला की मोबाइलवर आफ्रिकेतल्या हापशांचे फोटो येतात. लाल माती, दाटीवाटीने उभी मुले, हापशावर कुणाच्या मरहूम आईवडिलांच्या नावाची पाटी. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांना मरहूम आईसाठी पाण्याचा सदका करायला प्रेषितांनी (स.) सुचवले होते, तेव्हा या दानाची थोरवी वेगळी सांगायला नको. पण जारिया म्हणजे वाहते, चालू राहणारे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत ढोबळमानाने तीनांतला एक हापसा बंद पडलेला असतो, असे पाणी क्षेत्रातली माणसेच सांगतात. बंद हापशावरची पाटी तशीच असते. बाया पुन्हा हंडे घेऊन जुन्या डबक्यावर जातात.

हापसा का बंद पडतो, हे महाराष्ट्राने फार आधी पाहिले आहे. सुरुवातीला आपल्या खेड्यांत बसवलेले बिडाचे पंप परदेशी घरगुती पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबासाठी केलेली वस्तू अख्खे गाव दिवसभर हापसत होते, ती मोडणारच. जालना आणि सोलापूर भागात ख्रिस्ती मिशनच्या कामातून दणकट पोलादी पंप घडले. तिथेही बाहेरून आलेली माणसे दुष्काळी गावांत राहून तुटका दांडा रोज पाहत होती. सोलापूरच्या त्या पंपावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क दोन' तयार झाला आणि सत्तरच्या दशकाअखेर देशभर पसरला. तोच आफ्रिकेतही गेला. म्हणजे मलावीच्या बाईच्या हातातल्या दांड्याचे एक मूळ आपल्या सोलापुरात आहे!

त्यातही एक अडचण राहिलीच. मार्क दोनचे वायसर बदलायचे तर जड लोखंडी पाइप वर ओढावे लागतात. त्याला माणसे, अवजारे आणि शिकलेला मिस्त्री लागतो. ऐंशीच्या दशकात मलावी आणि केनियात 'आफ्रिदेव' हा पंप विकसित झाला तो यासाठीच. पाइप प्लास्टिकचे, आतला दट्ट्या पाइप न काढता वरूनच ओढून घेता येतो, आणि बहुतेक कामाला एकच पाना पुरतो. गावातल्या बायका हे काम शिकल्या. हापसा बंद पडला तर पायपीट त्यांचीच होते, त्यामुळे तो चालू ठेवण्याची काळजीही त्यांनाच जास्त.

तेव्हा यंदा मरहूमांच्या नावाने हापसा द्यायचा असेल तर जरूर द्या. फक्त फोटो मागण्याआधी संस्थेला तीन-चार गोष्टी विचारा. तुमचा माणूस त्या भागात वर्षभर राहतो की फक्त उद्घाटनाला जातो? गावातल्या कोणत्या बायकांना दुरुस्ती शिकवली? देणगीतला थोडा भाग सुट्या भागांसाठी ठेवला आहे का? आणि त्या गावाहून सर्वांत जवळच्या ज्या दुकानात वायसर मिळतो, ते चालत किती तासांवर आहे?