कामकाजाच्या फायलींची राखीव प्रत आणि बाह्य हार्ड डिस्कची निवड

प्रस्तावना :

महाविद्यालयीन प्राध्यापकाचे जवळजवळ सर्व लेखनकार्य आज संगणकावर होते. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, प्रश्नावलींच्या सारण्या, प्रबंधाचे खर्डे, अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणतालिका, स्थाननिश्चितीसाठी जमविलेली प्रमाणपत्रे आणि नॅकच्या मूल्यांकनासाठी तयार केलेले अहवाल असा हा संचय वर्षानुवर्षे वाढत जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात जमा होऊ लागले. त्यामुळे पूर्ण झालेला प्रबंध सहसा नाहीसा होत नाही. परंतु ज्या सामग्रीवर तो उभा असतो, ती क्षेत्रीय टिपणे आणि मुलाखती बहुधा संशोधकाच्या संगणकातच राहतात. ती एकदा गेली की पुन्हा मिळत नाहीत. कारण मुलाखत दिलेली वृद्ध व्यक्ती हयात असेलच असे नाही.

अशा सामग्रीची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, ठेवण्यासाठी खिशात मावणारी बाह्य हार्ड डिस्क हे सोयीचे साधन आहे. ती निवडताना कोणते निकष लावावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

राखीव प्रत म्हणजे काय?

लॅपटॉपमधील जागा मोकळी करण्यासाठी फायली बाह्य डिस्कवर हलविणे आणि मूळ फायली पुसून टाकणे, यालाच अनेकदा बॅकअप समजले जाते. वस्तुतः अशा वेळी प्रत एकच उरते; केवळ तिची जागा बदलते. एकच फाईल किमान दोन स्वतंत्र साधनांवर असेल तरच तिची राखीव प्रत आहे असे म्हणता येते. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेले '३-२-१' हे सूत्र याच विचारावर आधारलेले आहे. एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी १ अन्य ठिकाणी, असा त्याचा आशय आहे.

क्षमता किती असावी?

खरेदीच्या वेळी सर्वाधिक चर्चा क्षमतेची होते. परंतु प्राध्यापकाची खरी गरज मर्यादित असते. उत्तम प्रतीच्या, संकोचन न केलेल्या एका तासाच्या ध्वनिमुद्रणास सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे तासाभराच्या १०० मुलाखती सुमारे ६४ गिगाबाइटमध्ये मावतात. चित्रफितींचे काम नसेल तर १ टेराबाइटची डिस्क अनेक वर्षे पुरते. १ टेराबाइटची डिस्क विंडोज प्रणालीत ९३१ गिगाबाइट दाखविते, हा दोष नव्हे. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो फरक होय.

एक मोठी की दोन लहान?

बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्या केंद्रांतील हार्ड डिस्कची आकडेवारी प्रसिद्ध करीत आली आहे. त्यानुसार अलीकडील वर्षांत निकामी होणाऱ्या डिस्कचे वार्षिक प्रमाण साधारणतः १ ते २ टक्के आहे. ती आकडेवारी एका जागी स्थिर असलेल्या डिस्कची आहे. एस.टी.च्या प्रवासात हिंदकळणाऱ्या डिस्कची स्थिती त्याहून बरी असेल, असे मानण्याचे कारण नाही.

हे प्रमाण २ टक्के धरले तरी एका डिस्कवर विसंबणाऱ्या व्यक्तीचा धोका ५० मध्ये १ असतो. दोन परस्पर स्वतंत्र डिस्क एकाच वर्षात निकामी होण्याची शक्यता मात्र १०,००० मध्ये ४ इतकी अल्प होते. म्हणून २ टेराबाइटच्या एका डिस्कऐवजी १ टेराबाइटच्या दोन डिस्क घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. मात्र दोन्ही एकाच पिशवीत ठेवल्या तर हे गणित कोलमडते. एक घरी आणि दुसरी महाविद्यालयात कुलूपबंद ठेवणे इष्ट होय. हमीचा कालावधीही येथे फसवा ठरतो. हमीतून नवी डिस्क मिळते, तीवरील माहिती नव्हे.

हार्ड डिस्क की एसएसडी?

पारंपरिक हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकड्या फिरत असतात आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. त्यामुळे चालू स्थितीत बसलेला धक्का घातक ठरतो. एसएसडीमध्ये फिरता भाग नसतो. ती वेगवान व धक्का सोसणारी असते, परंतु तेवढ्याच क्षमतेसाठी अधिक किंमत पडते. शिवाय ती वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ पडून राहणे योग्य नव्हे. जेडेक या मानक संस्थेच्या निकषानुसार, लेखनाची मर्यादा गाठलेल्या सामान्य वापरातील एसएसडीने ३० अंश सेल्सिअस तापमानात १ वर्ष माहिती टिकविणे अपेक्षित असते. नव्या एसएसडीत ती अधिक काळ टिकते. तथापि कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी हार्ड डिस्क आणि नित्य सोबत बाळगायच्या प्रतीसाठी एसएसडी, अशी विभागणी युक्त वाटते.

जोडणी आणि फाईल प्रणाली :

२००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० या मानकाचा कमाल वेग सेकंदाला ५ गिगाबिट आहे. फिरत्या तबकडीची लहान हार्ड डिस्क त्याचा पूर्ण वापरही करू शकत नाही. म्हणून त्याहून वेगवान जोडणीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. मॅक संगणक एनटीएफएस प्रणालीतील डिस्क वाचतो, पण तीवर मुळात लिहू शकत नाही. दोन्ही प्रकारचे संगणक वापरणाऱ्यांनी एक्सफॅट ही प्रणाली निवडावी. मात्र डिस्क सुरक्षितपणे विलग केल्याशिवाय काढू नये.

तीन दक्षता :

पहिली दक्षता डिस्क विलग ठेवण्याची. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने सुमारे १५० देशांतील संगणकांमधील फायली कुलूपबंद केल्या. असे विषाणू संगणकाला जोडलेल्या बाह्य डिस्कवरील फायलीही बाधित करतात. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवणे, हाच यावरील सोपा उपाय होय.

दुसरी दक्षता गोपनीयतेची. गुणतालिका, जातीचे दाखले आणि आधार क्रमांक असलेली डिस्क हरविली तर हानी विद्यार्थ्यांची होते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे, हेही लक्षात घ्यावे. बिटलॉकर अथवा व्हेराक्रिप्ट यांसारख्या साधनांनी डिस्क सांकेतिक करावी आणि परवलीचा शब्द अन्यत्र लिहून ठेवावा. तो विसरल्यास माहिती मालकालाही मिळत नाही.

तिसरी दक्षता पडताळणीची. १९९८ मध्ये पिक्सार या कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फायली चुकीच्या आज्ञेमुळे पुसल्या गेल्या आणि राखीव प्रतीही सदोष आढळल्या. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेने घरून काम करण्यासाठी घरी नेलेली प्रत अखेर कामी आली. घेतलेली प्रत उघडून पाहिल्याशिवाय ती प्रत मानू नये. मराठी प्राध्यापकांच्या बाबतीत यात आणखी एक बाब येते. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींत टंकलिखित केलेली फाईल सुरक्षित राहूनही मूळ फाँट नसल्यास निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडते. अशा फायलींसोबत त्यांचे फाँट आणि पीडीएफ प्रतही जतन करावी.

समारोप :

बाह्य डिस्कची निवड ही मुख्यतः नाममुद्रेची वा क्षमतेची बाब नसून प्रत्येक डिस्क केव्हातरी निकामी होणार, हे गृहीत धरण्याची बाब आहे. हे गृहीत धरले की दोन मध्यम क्षमतेच्या डिस्क, दोन ठिकाणे आणि आठवड्यातून एकदा घेतलेली प्रत, हा क्रम आपोआप ठरतो. २०११ पासून ३१ मार्च हा दिवस जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे आर्थिक वर्षाचा हिशेब त्याच दिवशी पूर्ण होतो. त्याच दिवशी दोन्ही डिस्क जोडून त्यांवरील काही जुन्या फायली उघडून पाहिल्या, तर वर्षभराच्या बौद्धिक श्रमाचाही ताळेबंद तपासला जाईल.