तुमच्याकडचं ‘वैष्णोदेवी’ नाणं खरंच लाखांचं आहे का?

वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणं दहा लाखांना विकलं जातं, असे व्हिडिओ दर काही महिन्यांनी फिरतात. ही ५ आणि १० रुपयांची नाणी २०१२ मध्ये निघाली आणि सर्रास चलनातही आली. म्हणजे ती दुर्मीळ नाहीत. मग एखादं नाणं खरंच वेगळं आहे, हे ओळखायचं कसं?

आधी वर्षाच्या खाली बघा. तिथे हिऱ्यासारखी खूण असेल तर नाणं मुंबई टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. ‘खूणच नाही, म्हणजे चुकलेलं नाणं’ असं सांगून कोलकात्याची साधी नाणी खपवली जातात, ती इथेच पकडता येतात. १९८५ च्या काही एक रुपयाच्या नाण्यांवर इंग्रजी ‘एच’ दिसतो. तीही चूक नाही. ती नाणी बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडून घेतली होती.

पुढची पायरी कॅटलॉगची. क्राउझ यांचा ‘स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ वर्ल्ड कॉइन्स’ किंवा ‘नुमिस्टा’ ही वेबसाइट यांत प्रत्येक नाण्याचं वजन, व्यास, धातू आणि प्रकार दिलेले असतात. उदाहरणार्थ, दोन धातूंचं १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आणि ७.७१ ग्रॅमचं. सोनाराच्या काट्यावर यात बराच फरक आला, तर नाण्याशी कुणीतरी खेळ केला असण्याची शक्यता जास्त.

कड चंद्रकोरीसारखी कापलेलं नाणं हा टांकसाळीतल्या चुकीचा ओळखीचा नमुना. धातूची पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की नवी चकती आधीच्या भोकाला खेटून कापली जाते. अशा चकतीची कड उचलताना समोरच्या बाजूला पुरेसा दाब बसत नाही, म्हणून कापाच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट असते. घरी कानशीने घासलेल्या नाण्यात ती ठसठशीत राहते. नकली माल करणारे नेमकं हेच विसरतात!

किमतीचं म्हणाल, तर विक्रेत्याने मागितलेला आकडा म्हणजे भाव नव्हे. नाण्यांच्या लिलावात प्रत्यक्ष किती रुपये मोजले गेले, ते शोधा. आणि ‘रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, आधी कमिशन भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आपण कुणालाही असं शुल्क घ्यायला नेमलेलं नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे.