पाळी कोणाची?

काही वर्षांपूर्वीची पावसाळ्यातील सकाळ. इंदूरजवळील एका रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात मी तापाने रडणाऱ्या एका मुलास तपासत होतो. तोच नर्सिंगची एक विद्यार्थिनी पर्चीच्या रांगेतून एका आईला बाळासह थेट आत घेऊन आली. "सर, याचे हात गार आहेत," एवढेच ती म्हणाली. जुलाबांनी बाळ निपचित पडले होते. नाडी क्षीण व जलद होती. दहाच मिनिटांपूर्वी मी त्या रांगेजवळून गेलो होतो. रडणारे मूल मला ऐकू आले, न रडणारे दिसले नाही. तातडीने शिरेतून सलाइन दिले आणि बाळ वाचले.

दुपारी तिने विचारले, "आधी आलेल्यांना मागे ठेवले म्हणून लोक रागावले. अन्याय झाला का, सर?"

या प्रश्नाचे उत्तर 'ट्रायाज' या संकल्पनेत आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवड करणे. नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे याने जखमींचा हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचारांचा क्रम लावला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत आजारी बालकांचे तीन गट केले जातात: तात्काळ उपचारांचे, अग्रक्रमाचे व रांगेत थांबू शकणारे. श्वासास अडथळा किंवा तीव्र धाप, निळसरपणा, शॉक, बेशुद्धी, झटके आणि जुलाबांमुळे झालेले तीव्र निर्जलीकरण ही पहिल्या गटाची लक्षणे होत. दोन महिन्यांखालील अर्भक, तीव्र कुपोषण, भाजणे, विषबाधा यांना अग्रक्रम मिळतो. ही पाहणी करण्यास डॉक्टरच हवा असे नाही. प्रशिक्षित परिचारिका ती क्षणात करू शकते. सर्वांना समान वेळ देणे म्हणजे न्याय नव्हे. गरजेनुसार वेळ देणे हा न्याय.

तिचा दुसरा प्रश्न मात्र अधिक अवघड होता. "ही आई इथवर पोहोचली. जी पोहोचलीच नाही, तिची पाळी कोण लावणार?"

मातामृत्यूंच्या अभ्यासातून १९९४ साली थॅडियस व मेन यांनी तीन विलंब मांडले: निर्णयास, पोहोचण्यास आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यास होणारा. बालकांनाही ते तंतोतंत लागू पडतात. तिसरा विलंब तर सर्वस्वी आपल्या हाती आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जीव वाचविण्यासाठी सेवा देणे हे सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग ठरला.

व्यवसायबंधूंना विनंती की, दवाखान्यात पर्ची लिहिणाऱ्यासही ही लक्षणे शिकवावीत. आधी उपचार, मग पैसे. समाजबांधवांनी एवढे ध्यानात ठेवावे: मूल पिऊ शकत नसेल, सारे उलटून टाकत असेल, झटके येत असतील वा निपचित झाले असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ वर दूरध्वनी करावा. आपल्याकडे कामास येणाऱ्या बाईंनाही हे आवर्जून सांगावे. पहिला विलंब तेथेच टळतो.

त्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला आजही देता आलेले नाही. मात्र त्या दिवसापासून विभागात शिरताना मी आधी शांत मुलांकडे पाहतो.