बिनीचे चित्रकार

फ्रेंच भाषेतील 'अवाँ-गार्द' हा शब्द मूळचा लष्करी. मुख्य फौजेच्या पुढे जाऊन अनोळखी मुलूख पाहणारी तुकडी हा त्याचा अर्थ, आणि आपल्याकडे मराठ्यांच्या फौजेत तिलाच 'बिनी' म्हणत. बिनी फौजेच्या पुढे असते, फौजेतून फुटलेली नसते, एवढे ध्यानी धरले तर मोठ्या कलादालनांपासून दूर असलेल्या आपल्या परभणी जिल्ह्यात याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अनोळखी वाटा धुंडाळणाऱ्या कलेविषयी रूढ असलेले पुष्कळ ग्रह आपोआप गळून पडतील, असे मला मनापासून वाटते.

ज्यांना रेखाटन साधत नाही तेच असली चित्रे काढतात, हा त्यांतील सर्वांत दृढ ग्रह. १९२४ साली नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले. त्यांच्या आरंभीच्या चित्रांत मनुष्याकृती आहेत आणि त्यांवर भारतीय लघुचित्रशैलीचा संस्कार स्पष्ट दिसतो. पुढे आकृती एकेक करून मावळत गेली आणि रोलर व सुरी यांच्या साहाय्याने रंगाचे थर चढविणे, खरवडणे, पुन्हा चढविणे, अशी त्यांची साधना सुरू झाली, जिच्यातून वर्षाकाठी मोजकीच चित्रे सिद्ध होत. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेले त्यांना रुचत नसे. ती 'वस्तुनिरपेक्ष' आहेत, असे ते सांगत.

ही कला धनिकांच्या दिवाणखान्यातून उपजली, हा समजही निराधार आहे. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापिला. त्यांतील कृष्णाजी हौळाजी आरा यांचा जन्म बोलारमचा, म्हणजे १९४८ पर्यंत परभणी ज्या निजामी अमलाखाली होती त्याच मुलखातला. बालपणीच मुंबईस आलेल्या या मनुष्याने घरकाम केले, मोटारी धुतल्या आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही पत्करला. पंढरपुरात जन्मलेले हुसेन तर सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत.

राहिला परकेपणाचा आक्षेप. नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून आलेल्या लँगहॅमर, लायडन यांसारख्या युरोपीय जाणकारांनी या तरुणांना आधार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वस्तूवाचूनचा आकार आपल्या डोळ्यांना कधीच अपरिचित नव्हता. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याच्या प्राचीन मंदिरांत खांब चौकोनातून अष्टकोनात, अष्टकोनातून वर्तुळात सरकत जातो, तेव्हा तो कशाचे चित्र आहे असे कोणी विचारीत नाही. अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीपुढेही तो प्रश्न कोणाला कधी पडलेला नाही. गायतोंड्यांच्या चित्रापुढे याच सवयीच्या डोळ्यांनी निवांत उभे राहावे. काही वेळाने वरच्या रंगाखालचा थर हळूहळू प्रकाशू लागतो.