बिदरचे तबक आणि राजपुत्रांचे बाप्तिस्मापात्र

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूच्या घरांत लग्नकार्य निघाले की आहेराच्या वस्तूंत एखादे बिदरी तबक, पानदान किंवा अत्तरदाणी पुष्कळदा आढळते. काळ्याभोर धातूवर चांदीची नाजूक वेलबुट्टी खुललेली असते. घरची गृहिणी ती वस्तू कपाटात जपून ठेवते आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखविते. परंतु ही चांदीची वेल कोठे रुजली व कोणकोणत्या अंगणांतून वळणे घेत आपल्या दारी आली, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. अरब व युरोपीय या दोन समाजांत मध्ययुगात कलेची जी देवघेव झाली, तिच्या राजरस्त्याची एक शाखा आपल्याच बिदर-कलबुर्गीवरून गेली आहे, हे वाचकांच्या ध्यानी आणून द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडे दूरचे उदाहरण घेऊ. पॅरिस येथील लूव्र संग्रहालयात पितळेचे एक मोठे पात्र आहे. त्यावर चांदी व सोने जडविलेले असून मधल्या जागा काळ्या लेपाने भरल्या आहेत. घोडेस्वार, शिकारी आणि नाना प्रकारचे पशू त्यावर कोरले आहेत. आतल्या तळाशी तर माशांची गर्दीच उसळली आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ममलूक सुलतानांच्या अमदानीत, ईजिप्त किंवा सीरिया देशात ते घडविले गेले. कारागिराचे नाव मुहम्मद इब्न अल-झैन. आपल्या कामाचा त्यास इतका अभिमान होता की, त्याने त्या एका पात्रावर आपले नाव सहा ठिकाणी कोरून ठेवले आहे. पुढे हे पात्र फ्रान्सच्या राजघराण्याकडे आले, त्यावर फ्रेंच राजचिन्हे चढली आणि राजपुत्रांच्या बाप्तिस्म्यासाठी ते वापरले जाऊ लागले. इ. स. १६०६ मध्ये, पुढे तेरावा लुई म्हणून प्रसिद्धीस आलेल्या बालकाचा बाप्तिस्मा याच पात्रातील पाण्याने झाला. लोक त्यास ‘संत लुईचे बाप्तिस्मापात्र’ म्हणतात. परंतु संत लुई १२७० मध्येच निवर्तला होता, तेव्हा हे पात्र घडलेदेखील नव्हते. नाव चुकीचे असले तरी वस्तुस्थिती खरी आहे: एका मुसलमान कारागिराच्या हातचे काम एका ख्रिस्ती राजकुलाने आपल्या अत्यंत पवित्र विधीसाठी निवडले.

हे उदाहरण एकटे नव्हे. सिसिली बेटातील पालेर्मो शहरी राजा दुसरा रॉजर याने बाराव्या शतकात आपल्या वाड्यात जे प्रार्थनामंदिर उभारले, त्याच्या भिंतींवर ग्रीक पद्धतीची कुट्टिमचित्रे आहेत आणि वरचे लाकडी छत मात्र अरबी परंपरेतील चित्रांनी भरलेले आहे. इटलीचा चित्रकार जेंतीले दा फाब्रियानो याने १४२३ मध्ये तीन ज्ञानी राजांच्या आराधनेचे चित्र काढले. त्यात पवित्र मरियेच्या मस्तकाभोवतीच्या तेजोवलयात अरबी लिपीसारखी अक्षरे दिसतात. ती कोणास वाचता येत नाहीत, कारण ती खरी अक्षरे नव्हेतच. पूर्वेकडून येणाऱ्या रेशमी वस्त्रांवर व भांड्यांवर तशी वळणे पाहून ती चित्रकारांच्या डोळ्यांत भरली आणि पुण्यभूमीच्या आठवणीशी त्यांनी त्यांची सांगड घातली.

आता बिदरकडे वळू. धातूत धातू जडविण्याची ही कला तेराव्या शतकात मोसूल नगरीत भरभराटीस आली, तेथून दमास्कस व कैरो येथे पसरली. व्हेनिसचे व्यापारी तो माल युरोपात नेत. आजही युरोपीय भाषांत या कामास दमास्कस शहरावरूनच नाव आहे. त्याच परंपरेची दुसरी फांदी इराणमार्गे दक्षिणेत आली. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहा याने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलविली. त्याच्या दरबारी अब्दुल्ला बिन कैसर नावाचा इराणी कारागीर आला व त्याने येथील लोकांना ही विद्या शिकविली, असे कारागिरांची परंपरा सांगते. इराणी म्हणजे अरब नव्हेत, हे खरे. त्यांची भाषा निराळी व कुळही निराळे. तथापि लिपी, धर्मग्रंथ आणि कारागिरीच्या पद्धती यांच्या योगे बगदाद-दमास्कसपासून शिराझपर्यंतचा मुलूख एका सूत्रात ओवला गेला होता.

परंतु बिदरने ही कला जशीच्या तशी उचलली नाही. मोसूलचे कारागीर पितळ वापरीत. बिदरच्या कारागिरांनी जस्त घेतले आणि त्यात थोडे तांबे मिसळले. जस्त गाळण्याची विद्या ही आपल्या देशाची पुरातन मिरास आहे. राजस्थानातील झावर येथे जस्त शतकानुशतके मोठ्या प्रमाणावर गाळले जात होते, आणि युरोपात ती विद्या १७३८ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने एकस्व घेतले तेव्हा कोठे मार्गी लागली. म्हणजे जडावाची रीत पश्चिमेची आणि धातू या मातीचा, असा हा संसार आहे.

काम कसे चालते तेही पाहण्याजोगे आहे. प्रथम मातीच्या साच्यात भांडे ओततात व कानशीने घासून गुळगुळीत करतात. मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करून त्यावर टोकदार लेखणीने नक्षी रेखाटतात. मग बारीक छिन्नीने ती नक्षी खोदून त्या चरांत चांदीची तार किंवा पत्रा हलक्या हाताने ठोकून बसवितात. तारेच्या कामास तारकशी म्हणतात. पुन्हा घासले की सर्व भांडे एकसारखे पांढुरके दिसू लागते. चांदी कोठे व जस्त कोठे, ते कळेनासे होते. शेवटी भांडे ऊन करून त्यास नवसागर आणि बिदरच्या जुन्या किल्ल्यातील माती यांच्या मिश्रणाने चोळतात. ऊन-पावसाचा स्पर्श न झालेली हीच माती कारागीर शोधतात व तिची पारख जिभेने चाखून करतात. त्या मातीचा गुण असा की, तिने जस्त काळेकुट्ट होते आणि चांदीला मात्र काही होत नाही. मग तेलाचा हात फिरविला की काळोखात चांदणे फुटावे तशी ती नक्षी उजळते.

या कामात युरोपचाही वाटा आहे. अमेरिकेतील तंबाखू पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणली. ती विजापूरच्या दरबारी पोहोचली, आणि १६०४ च्या सुमारास असदबेग नावाच्या मोगल वकिलाने तेथून ती अकबर बादशहाकडे नेली. पाठोपाठ हुक्का आला. सतराव्या व अठराव्या शतकांत बिदरी कारागिरांच्या हातून जी उत्तमोत्तम कामे झाली, त्यांत हुक्क्याच्या गोल बैठका अग्रभागी आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्या आज मानाने मांडलेल्या आहेत.

कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामा मशीद अनेक वाचकांनी पाहिली असेल. ती १३६७ मध्ये बांधली गेली. बहुतेक मशिदींत मोठे मोकळे अंगण असते. येथे २१६ फूट लांब व १७६ फूट रुंद अशी सर्वच्या सर्व जागा छताखाली घेतली आहे, आणि आत गेल्यावर कमानींमागून कमानी दिसत राहतात. म्हणून ती स्पेनमधील कॉर्डोव्हाच्या मशिदीवरून बांधली असे जुन्या इंग्रजी लेखकांनी लिहिले आणि ते आजतागायत सांगितले जाते. परंतु मशिदीवरील शिलालेख निराळे सांगतो. बांधणाऱ्याचे नाव रफी असून तो इराणातील कझवीनचा होता. तेव्हा कॉर्डोव्हाशी थेट नाते जोडण्यास आधार नाही. दोन वास्तूंतील साम्य मात्र डोळ्यांना जाणवते, आणि कॉर्डोव्हाची कथा आपल्याला उपयोगी पडणारी आहे. ती मशीद ७८५ च्या सुमारास सुरू झाली. तिचे कित्येक खांब जुन्या रोमन व ख्रिस्ती इमारतींतून आणलेले आहेत. दहाव्या शतकात तिच्या मेहराबीची सोनेरी कुट्टिमचित्रे करण्यासाठी कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाकडून कारागीर आला. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेल्यावर तीच वास्तू ख्रिस्तमंदिर झाली, आणि सोळाव्या शतकात तिच्या पोटात उंच कॅथीड्रल उभारताना बरेच खांब काढले गेले. तेथे एकमेकांचे घेतलेही गेले आणि एकमेकांचे मोडलेही गेले. ही देवघेव सदैव प्रेमाने झाली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

तथापि युद्धाच्या पाठीवर विद्याही चालत आली. टोलेडो १०८५ मध्ये ख्रिस्ती राजाने जिंकले. तेथील अरबी ग्रंथ मात्र जाळले गेले नाहीत, वाचले गेले. बाराव्या शतकात इटलीतील क्रेमोनाचा जेरार्ड तेथे जाऊन अरबी शिकला व त्याने सत्तराहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये उतरविले. आपल्या देशात जन्मलेले शून्यासह दहा अंक अरबांच्याच हातून युरोपला मिळाले. १२०२ मध्ये पिसाच्या लिओनार्दोने, ज्यास आज फिबोनाची म्हणतात, त्यांवर ग्रंथ लिहिला. शब्दही असेच फिरले. संस्कृत नारंग अरबीत नारंज झाले, स्पेनमध्ये नारांखा झाले. शर्करा अरबीत सुक्कर झाली आणि पोर्तुगीजांत असूकार झाली. उलट लॅटिनमधील सापो अरबीत साबून होऊन आपल्या मोरीपर्यंत साबण म्हणून आला.

बिदरमधील महमूद गवानचा मदरसा हा या प्रवासाचा आणखी एक टप्पा. गवान इराणातील गिलानचा. तो व्यापाराच्या निमित्ताने दाभोळ बंदरी उतरला आणि बिदरला येऊन पुढे राज्याचा मुख्य प्रधान झाला. १४७२ मध्ये त्याने हे विद्यापीठ बांधले. त्याच्या उरलेल्या मनोऱ्यावर व भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चिनी फरशांचे अवशेष अद्याप दिसतात. अशाच झिलईच्या फरशा अरबांनी स्पेन व पोर्तुगालात नेल्या. पोर्तुगीज त्यांना ‘आझुलेजु’ म्हणतात आणि हा शब्द मूळ अरबी आहे. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या भिंतीवर १९३५ मधील अशा निळ्या फरशांची चित्रे आहेत. पणजीची भिंत आणि बिदरची भिंत अशा रीतीने दूरच्या नातलग ठरतात.

गवानच्याच काळात एक युरोपीय बिदरला येऊन राहिला होता. रशियातील त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदलल्यास परत देऊ, असे सांगितले. निकितिन बधला नाही. तेव्हा एका खुरासानी मुसलमान गृहस्थानेच रदबदली करून त्याचा घोडा त्यास परत मिळवून दिला. पुढे तो त्याने बिदरमध्ये विकला. त्याचे धर्मग्रंथ वाटेत लुटले गेले होते. ईस्टर कधी येते तेही त्यास कळेना, म्हणून तो अदमासाने सण पाळी. त्याच्या टिपणवहीत रशियन अक्षरांत लिहिलेल्या अरबी, फारसी व तुर्की शब्दांच्या प्रार्थना आहेत. परमुलखात एकट्या पडलेल्या त्या ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्यांच्या भाषेत देवाला हाक मारली.

आणि याच बिदरला या कथेची दुसरी बाजूही पाहावी लागली. दरबारात ‘दख्खनी’ व ‘परदेशी’ असे दोन तट होते. गवानने दोघांना बरोबरीने वागविण्याचा यत्न केला. वैऱ्यांनी त्याच्या नावाचे खोटे पत्र तयार करून सुलतानास दाखविले आणि १४८१ मध्ये त्या वृद्ध प्रधानाचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी सुलतानही वारला, आणि लवकरच त्या एका राज्याची पाच राज्ये झाली. ‘आपला’ आणि ‘उपरा’ एवढाच हिशेब मांडणाऱ्या दरबाराच्या हाती अखेर काय उरले, हे सांगावयास नको.

आपण सीमाभागातील माणसे. १९५६ मध्ये जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा महाराष्ट्रात गेले, भालकी, औराद कर्नाटकात राहिले. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी हा आपला नित्याचा अनुभव आहे. तेव्हा सरमिसळ म्हणजे भेसळ, असे आपण तरी म्हणू नये. बिदरी तबकातून पश्चिमेची रीत, झावरची विद्या आणि किल्ल्याची माती वेगवेगळी काढू पाहणाऱ्याच्या हाती तबकच उरणार नाही.

बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री लाभली, ही आनंदाची गोष्ट. परंतु केवळ मानपत्रांनी भट्टी पेटती राहत नाही. धातूच्या धुरात वाकून दिवसभर छिन्नी चालविणाऱ्यास जर पोटापुरते मिळाले नाही, तर त्याच्या मुलाने दुसरा धंदा धरला म्हणून त्यास दोष कोण देईल? यास्तव आमची वाचकांस एक साधी विनंती आहे. पुढल्या वेळी आहेरासाठी बिदरी वस्तू घ्याल तेव्हा, शक्य तर, कारागिराच्याच हातून घ्या. फार घासाघीस करू नका. आणि त्याचे नाव विचारून घेऊन भेटीबरोबर चिठ्ठीवर लिहा. फ्रान्सच्या राजांकडील पात्रावर मुहम्मद इब्न अल-झैनचे नाव सात शतके टिकले, कारण त्याने ते स्वतः कोरले. आपल्या घरातील तबकाच्या कारागिराचे नाव मात्र आपण विचारले तरच उरेल.