पुसल्या जाणाऱ्या रेषांचा राखणदार

पहाटे सडा घालून दारात रेखलेली रांगोळी दुपारपर्यंत पावलांखाली विरून जाते. शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर सणासाठी काढलेली चित्रे पुढच्या सारवणापर्यंतच टिकतात. पुसले जाणे हाच जिचा स्वभाव, त्या कलेची स्मृती कशी जपावी? बडोद्याचे मुद्राचित्रकार आणि छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी या प्रश्नासाठी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली.

भट्ट यांचा जन्म 1934 साली भावनगर येथे झाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला शाखेच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी ते एक होत. मूळचे इंदूरचे असलेले नारायण श्रीधर बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन हे तेथे त्यांचे गुरू. पुढे नेपल्स येथे आणि न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण घेऊन त्यांनी मुद्राचित्रणात, विशेषतः एचिंगमध्ये प्रावीण्य मिळवले.

एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर आम्लरोधक लेप देऊन त्यावर सुईने रेषा ओढतात. पत्रा आम्लात बुडवला की उघड्या पडलेल्या रेषा तेवढ्या खोल कोरल्या जातात. त्यांत शाई भरून वरचा भाग पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून फिरवतात. कागदावर उमटणारे चित्र उलटे असते, म्हणजे डावीकडचे उजवीकडे. एकाच पत्र्यापासून अनेक प्रती निघतात आणि त्यांतील प्रत्येक प्रत मूळ कलाकृतीच मानली जाते.

मायदेशी परतल्यावर, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, एका परिसंवादासाठी गुजरातमधील लोककलेची छायाचित्रे घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. खेड्यापाड्यांत फिरताना त्यांना जाणवले की, मातीच्या घरांबरोबर त्या भिंतींवरची कलाही वेगाने नाहीशी होत आहे. हाती घेतलेले काम मग ध्यासच बनले. छायाचित्रकार राघव कनेरिया यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या साथीने त्यांनी गुजरातबाहेरही भ्रमंती केली. राजस्थानातील मांडणे, भित्तिचित्रे, रांगोळ्या, गोंदण असे बरेच काही त्यांच्या कृष्णधवल छायाचित्रांत साठत गेले.

या छायाचित्रांचे वेगळेपण नक्षीपुरते मर्यादित नाही. केवळ नोंदच करायची असती, तर चौकटीत नक्षी तेवढी आली असती. भट्ट यांच्या चौकटीत ती रेखणारी स्त्री असते, उंबरठा असतो, मूल असते, दारचे जनावरही असते. ही कला दालनात टांगण्यासाठी जन्मलेली नाही, ती घरात नांदते, हे त्यातून उमगते. लोककलेच्या नोंदींत नक्षीला नाव मिळते, पण ती काढणारा हात बहुधा अनामिक राहतो. भट्ट यांनी त्या हाताला चित्रात जागा दिली.

त्यांच्या मुद्राचित्रांतही मोर, पोपट, देवदेवता, गोंदणाच्या आकृती आणि गुजराती अक्षरे आढळतात. भिंतीवर जी नक्षी एकदाच उमटून पुसली जाते, तिची आठवण येथे पत्र्यावर कोरली जाऊन पुन्हा पुन्हा कागदावर उतरते. 2019 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

अर्थात, छायाचित्रालाही मर्यादा आहे. ते रेखणारा हात दाखवते, परंतु त्या हाताचा सराव दुसऱ्या हातात उतरवू शकत नाही. परंपरा टिकते ती शिकणाऱ्यांमुळेच. तरीही, भिंतच उरली नाही, तर निदान ती कशी होती हे सांगणारा पुरावा तरी हवा.

हा विचार गोमंतकीयांना परका नाही. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेने साकारणारी आपल्या देवळांतील कावी कला जीर्णोद्धाराच्या उत्साहात कित्येक ठिकाणी रंगाखाली किंवा फरशांआड गेली. आपल्या गावच्या देवळात, जुन्या घरात अशी भिंत अद्याप शाबूत असेल, तर तिचे छायाचित्र आजच घ्यावे. आणि ती घडवणाऱ्याचे नाव कुणा वडीलधाऱ्याला आठवत असेल, तर तेही सोबत लिहून ठेवावे.